प्रमाणपत्रं बेचाळीस, बदललेले पेपर तीन: एका महाविद्यालयातल्या प्रशिक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं अनुदानित महाविद्यालय. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखा. शिक्षक बेचाळीस, त्यातले जवळपास निम्मे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. मी इथे भौतिकशास्त्र शिकवतो आणि या प्रकरणाच्या काळात आयक्यूएसीचा, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा, समन्वयक होतो. त्यामुळे खाली ज्या चुका येतील त्यातल्या बऱ्याचशा माझ्या आहेत. कुणाची ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील बदलले आहेत.

२०२२ साली, कोरोनानंतर वर्ग पुन्हा पूर्णपणे भरायला लागले तेव्हा, आम्ही पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. विषय होता अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर. बाहेरून रिसोर्स पर्सन आले. पाच दिवसांत बारा साधनं दाखवून झाली: गूगलचे क्लासरूम आणि फॉर्म, क्विझची दोन-तीन ॲप्स, व्हिडिओ कापायचं एक सॉफ्टवेअर, आणि जॅमबोर्ड हा गूगलचा डिजिटल फळा, ज्यावर सगळ्यांनी रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली मांडलेली टीपॅक चौकटही एका स्लाइडवर येऊन गेली. विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान अशी तीन वर्तुळं, एकमेकांत गुंतलेली. बहुतेकांनी मोबाइलवर तिचा फोटो काढला. शिकवणं त्या तिन्हींच्या छेदात असतं, एवढाच त्या चित्राचा मुद्दा, आणि आमचे पाचही दिवस तिसऱ्या वर्तुळात गेले.

शेवटच्या दिवशी जेवायला श्रीखंड होतं. फीडबॅक फॉर्ममध्ये सगळीकडे ‘उत्कृष्ट’. बेचाळीस प्रमाणपत्रं वाटली आणि फोटो एक्यूएआरला, म्हणजे नॅक या मूल्यांकन संस्थेला दरवर्षी द्यायच्या गुणवत्ता अहवालाला, जोडला.

अडचण कशी लक्षात आली

वर्षभराने नॅकसाठी पुढचा एक्यूएआर भरताना मी विभागांकडे पुरावे मागितले. आले ते पीपीटी आणि यूट्यूबच्या लिंका. कागदावर आमचे सगळेच शिक्षक आयसीटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान, वापरणारे ठरत होते. मग मी परवानगी काढून काही लेक्चरना मागे बसलो.

एका वर्गात प्रोजेक्टरचा दिवा मंद झालेला, म्हणून खिडक्या बंद केलेल्या. सर स्लाइड वाचत होते, मुलं ती वहीत उतरवत होती. पूर्वी सर फळ्यावर लिहायचे तेव्हा मुलांचा हात निदान त्यांच्या वेगाने चालायचा. आता स्लाइड पुढे सरकली की मागच्या बाकांवरून ‘सर, मागे घ्या’ असा ओरडा यायचा.

दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी स्वतःचं सांगतो. लॉकडाऊनमध्ये मी विद्युतधारेवर चाळीस-चाळीस मिनिटांचे अठरा व्हिडिओ केले होते. ते अजूनही ‘माझं ई-कंटेंट’ म्हणून मी प्रत्येक फॉर्ममध्ये दाखवत होतो. पहिला व्हिडिओ वर्गातल्या बहुतेकांनी पाहिला होता. शेवटचा चौघांनी, त्यातला एक मी. एका विद्यार्थ्याला विचारलं तर तो म्हणाला, “सर, बघायला वेळ एसटीत मिळतो, पण घाटात रेंज नसते.”

स्टाफरूममध्ये चहाला हा विषय काढला तेव्हा लेखाशास्त्राचे एक ज्येष्ठ सर म्हणाले, “पाच दिवसांत मला बारा ॲप दाखवली. पण माझी मुलं नेमकी कुठं अडकतात, हे एकानंही विचारलं नाही.” मला ते लागलं, कारण कार्यक्रमाची रूपरेषा मीच ठरवली होती.

पर्याय

२०२३च्या दिवाळीच्या सुट्टीआधी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसलो.

पुन्हा एक एफडीपी, म्हणजे शिक्षकांसाठीची प्रशिक्षण कार्यशाळा, घ्यायची, या वेळी आणखी नामवंत माणूस आणून, हा सगळ्यात सोपा पर्याय होता. प्रमाणपत्र मिळतं, अहवालात ओळ येते. पण एकदा केलेलंच पुन्हा करायचं होतं ते.

मालवीय मिशनचे शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जाहीर झाले होते. तिथे शिक्षकांना पाठवता आलं असतं आणि ते नंतर पाठवलेही. सीएएसला, म्हणजे पदोन्नतीला, त्याचा उपयोग होतो, म्हणून लोक आनंदाने जातात. मात्र तिथे आमच्या एफवायच्या वर्गातल्या अडचणीवर काम होणार नाही, हे उघड होतं.

प्राचार्यांनी ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाचा मुद्दा काढला. यूजीसीच्या २०२१च्या विनियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयंवरून घेता येतात. मग मुलांनाच तिथे का नोंदवू नये? मी म्हणालो, जी मुलं माझाच व्हिडिओ शेवटपर्यंत बघत नाहीत ती दुसऱ्याचा का बघतील? हा युक्तिवाद तेव्हा बिनतोड वाटला. आज वाटत नाही. दुसऱ्याचा व्हिडिओ माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला असू शकतो.

चौथा पर्याय असा: थोडेच शिक्षक, प्रत्येकाने आपल्या एकाच पेपरातला एकच घटक घ्यायचा आणि पूर्ण सत्रभर त्यावर काम करायचं. यात प्रमाणपत्र नाही, फोटो नाही, आणि अहवालात काय लिहायचं तेही ठरलेलं नाही. आम्ही हा निवडला, पण त्याआधी तीन गोष्टींवर बरीच घासाघीस झाली.

निर्णयाच्या तीन जागा

पहिली, सक्ती करायची का. प्राचार्यांना परिपत्रक काढून बेचाळीसही जण हवे होते. माझं म्हणणं, स्वतःहून येतील तेवढेच. शेवटी मी सात जणांची यादी दिली आणि ती ‘समिती’ म्हणून मंजूर झाली. समिती म्हटलं की कुणी फारसं विचारत नाही.

दुसरी, कुठलं साधन. माझा ओढा मूडलकडे, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरकडे, होता. मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये आणलेलं, मुक्त स्रोत, फुकट. पण फुकट म्हणजे सॉफ्टवेअर फुकट. सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो. आमच्याकडे तो एकच, लॅबमधला साहाय्यक, आणि त्याच्यामागे महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, प्राचार्यांचा प्रिंटर, सगळं लागलेलं. मूडल बाजूला ठेवलं. ठरलं असं की पहिले सहा आठवडे मुलांच्या फोनमध्ये आधीपासून जे आहे तेवढंच वापरायचं: व्हॉट्सॲप, गूगल फॉर्म, क्लासरूम. नवं ॲप कुणीही सुचवायचं नाही.

तिसरी, सीएचबीवरच्या शिक्षकांना घ्यायचं का. सातांमध्ये भूगोलाच्या एक तरुण मॅडम होत्या, सगळ्यांत उत्साही. सीएचबीला पैसे घेतलेल्या तासांचे मिळतात, बैठकीचे नाहीत. हे मला माहीत होतं. त्या ‘काही हरकत नाही सर’ म्हणाल्या आणि मी ते मान्य करून टाकलं. दरवर्षी पुन्हा मुलाखत द्यावी लागणारी व्यक्ती समन्वयकाला दुसरं काय म्हणणार?

काय केलं

दर शनिवारी लेक्चर संपल्यावर दोन तास. पहिल्या बैठकीला लॅपटॉप आणायचा नाही, अंतर्गत परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणायचा, एवढाच नियम होता. गठ्ठा चाळायचा, मुलं कुठे पडतात ते शोधायचं आणि ते एका वाक्यात फळ्यावर लिहायचं. ‘विद्यार्थ्यांना अमुक संकल्पना समजेल’ असली कोर्स आउटकमची वाक्यं आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं खरडलेली होती. हे वाक्य त्याहून अवघड गेलं.

लेखाशास्त्राच्या सरांनी लिहिलं: “समायोजनेचा एकच परिणाम देतात, दुसरा विसरतात.” अंतिम लेख्यांत तेरजेबाहेरच्या (ट्रायल बॅलन्समध्ये न आलेल्या) प्रत्येक समायोजनेची, म्हणजे वर्षअखेरच्या दुरुस्तीची, नोंद दोन ठिकाणी जाते. अदत्त, म्हणजे द्यायची राहिलेली, मजुरी व्यापारी खात्यात मजुरीत मिळवायची आणि ताळेबंदात देण्यांच्या बाजूला दाखवायची. एक जागा चुकली की ताळेबंद जुळत नाही आणि मुलं पेन खाली ठेवतात. सर आजवर यावर अख्खं लेक्चर घ्यायचे, तरी तेच व्हायचं.

मग साधनाचा विचार. त्यांनी दहा समायोजनांचा एक गूगल फॉर्म केला. प्रत्येकीसमोर दोनच प्रश्न: पहिला परिणाम कुठे, दुसरा कुठे. रक्कम नाही, आकडेमोड नाही. लेक्चरच्या आदल्या रात्रीपर्यंत भरायचा. सकाळी सरांनी स्टाफरूममध्ये उत्तरांचा गोषवारा उघडला. अखेरचा साठा बहुतेकांना जमला होता. अदत्त मजुरी मात्र बहुतेकांनी फक्त ताळेबंदात टाकली होती. सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे मी साठ्यावर वीस मिनिटं उगाच घालवत होतो.”

फॉर्म बनवायला त्यांना अर्धा तास लागला. खरं भांडण पुढच्या आठवड्यात झालं. आता वर्गात मुलं जोडीने समायोजना सोडवणार, तर पोर्शन कोण संपवणार? चार श्रेयांकांचा पेपर म्हणजे साठ तास, त्यातले सुट्ट्या, निवडणुकीची कामं आणि युवा महोत्सव खाऊन टाकतात. आम्ही त्यांचं नियोजन फळ्यावर मांडलं आणि प्रत्येक तासापुढे विचारलं, इथे सर नसले तर मुलांचं काय अडेल? दोन तास नुसती उदाहरणं सांगून लिहून घेण्यात जात होते. ती पीडीएफ करून क्लासरूमवर टाकली. ते दोन तास मोकळे झाले. मला विचाराल तर सरांच्या पेपराचा आराखडा तिथे बदलला. फॉर्म हे निमित्त.

मराठीच्या मॅडमची गोष्ट वेगळ्याच ठिकाणी अडली. त्यांचा घटक वृत्तांचा. मुलं ‘यमाताराजभानसलगा’ पाठ म्हणतात, गण पाडतात, पण कानाला वृत्त ऐकू येत नाही, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. सुरुवातीला सोपी चाचणी करायची म्हणून त्यांनी आपल्या नोट्समधले प्रश्न फॉर्ममध्ये चिकटवले आणि स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि चौकोनांची रांगोळी उमटली. मॅडमनी लॅपटॉप मिटला. “मला हे जमणारच नव्हतं,” म्हणाल्या.

दोष त्यांचा नव्हता. सोळा वर्षांच्या नोट्स श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये होत्या, युनिकोडमध्ये नव्हत्या. तसल्या फाँटमध्ये ‘क’ची किल्ली दाबली तरी फाइलमध्ये साठतं ते कुठलंतरी रोमन चिन्ह, पडद्यावर फाँट त्याला ‘क’चं रूप देतो. फाँट काढला की रूप जातं. प्रिंट काढा, काही बिघडत नाही. ब्राउझरमध्ये नेलं की संपलं. २०२२च्या प्रशिक्षणात ‘कॉपी करा, पेस्ट करा’ असं सांगून पुढे गेलेल्या माणसाला हे ठाऊकच नसणार, कारण त्याच्या सगळ्या स्लाइड इंग्रजीत होत्या. मराठी माध्यमाच्या कॉलेजात शिक्षक तंत्रज्ञान ‘टाळतात’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातले कितीजण या फाँटपाशी थांबलेत ते एकदा बघायला हवं.

कन्व्हर्टर वापरून पाहिला. जोडाक्षरं अधूनमधून तुटत होती आणि वृत्ताच्या धड्यात जोडाक्षर तुटलं तर मागच्या अक्षराचं लघु-गुरूच बदलतं. शेवटी मॅडम फोनवर बोलून टाइप करायला लागल्या. ‘भुजंगप्रयात’चं फोनने ‘भुजंग प्रयत्न’ केलं, तेव्हा पहिल्यांदा त्या हसल्या.

आणि मग त्यांनीच चाचणीचा बेत सोडून दिला. म्हणाल्या, वृत्त कानाचं आहे, तर फॉर्म कशाला? मुलांना काम दिलं: भुजंगप्रयातात स्वतःची एक ओळ रचायची, चालीत म्हणायची, अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट पाठवायची, आणि पाठवण्याआधी स्वतः ऐकायची. एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलाची ओळ आली: “उसाच्या शेताला निघाली पहाटे.” पाठोपाठ पाच मिनिटांनी दुसरी नोट: “उसाच्या फडाला निघाली पहाटे.” सोबत निरोप, “मॅडम, पहिली चुकली, ‘शे’ला अडखळतंय.” य गण चार वेळा, म्हणजे लघु-गुरू-गुरू. चौथ्या जागी लघु हवा, तिथे ‘शे’ गुरू आला होता. गण न पाडता त्याच्या कानाने तो पकडला. आणि ऊसतोडीला फड हाच शब्द खरा. ती व्हॉइस नोट मॅडमनी शनिवारच्या बैठकीत दोनदा ऐकवली.

माझं थोडक्यात सांगतो. बल्बमध्ये विद्युतधारा ‘खर्च होते’ आणि पुढच्या बल्बला कमी मिळते, ही मुलांची जुनी समजूत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाचं परिपथ जोडायचं सिम्युलेशन फोनच्या ब्राउझरवरही चालतं. आधी अंदाज कागदावर लिहायचा, मग फोनवर परिपथ जोडून बघायचा. अठरा व्हिडिओंपैकी तीन ठेवले, तेही सहा-सात मिनिटांचे कापून.

काय झालं

सत्र संपताना सातांपैकी तिघांच्या अध्यापन नियोजनात खरा बदल दिसत होता: लेखाशास्त्राचे सर, मराठीच्या मॅडम आणि मी. दोघांनी घटक संपेपर्यंत प्रामाणिकपणे केलं आणि पुढच्या घटकाला पुन्हा पीपीटी लावली. एकजण मध्येच संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात बदलून गेले.

सातव्या भूगोलाच्या मॅडम. त्यांनी एका घटकावर न थांबता अख्खा पेपर क्लासरूमवर मांडला: उपग्रहचित्रांवरचे प्रश्न, गावाच्या ओढ्याचे मुलांनी काढलेले फोटो, आठवड्याचं वेळापत्रक. आम्हा सगळ्यांपेक्षा उजवं काम. सत्र संपल्यावर नेमणूक संपली. जूनमध्ये त्यांना दुसरीकडे तास मिळाले. नव्या शिक्षकासाठी मी तो पेपर उघडायला गेलो तेव्हा कळलं की वर्ग त्यांच्या वैयक्तिक खात्यावर होता आणि सगळ्या फाइली त्यांच्या ड्राइव्हमध्ये. त्या सत्रात त्यांनी कॉलेजचा ईमेल मागितला होता. सीएचबीला देत नाहीत, असं ऑफिसातून उत्तर गेलं होतं. आता फाइली मागायला मी फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, त्या बैठकांचे पैसे कुणी दिले नव्हते. काम माझं आहे ना?” मला उत्तर सुचलं नाही. काही दिवसांनी त्यांनी स्वतःहून निम्म्या फाइली पाठवल्या.

निकाल सुधारला का, हे लोक हमखास विचारतात. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, पेपर बदलले, श्रेयांक बदलले, अंतर्गत मूल्यमापन बदललं. आधीच्या आणि नंतरच्या निकालांची तुलना मांडून मी टाळ्या घेऊ शकतो, पण तो खोटेपणा होईल. एवढं खरं की लेखाशास्त्राच्या सरांचा फॉर्म नव्या पेपरातही जसाच्या तसा चालला, कारण तो पेपरासाठी नव्हता, चुकीसाठी होता. जॅमबोर्ड मात्र गूगलने ३१ डिसेंबर २०२४ला बंद केला. प्रशिक्षणातल्या आमच्या रंगीत चिठ्ठ्या त्याच्याबरोबर गेल्या आणि एकालाही ते जाणवलं नाही.

पुन्हा करायचं तर

शनिवारची वेळ चुकली होती. दोन मॅडमना पाचची एसटी गाठायची असायची, त्या अर्ध्यातून उठायच्या, आणि आम्ही ते अनास्थेत मोजलं. दुसऱ्या वर्षी बुधवारी दोन मोकळे तास जुळवले तर त्याच मॅडम शेवटपर्यंत बसल्या.

सात जण मी निवडले, ही गोष्टही मला आता खटकते. ‘स्वतःहून येतील ते’ असं म्हणत मी माझ्या ओळखीचे, होकार देणारे लोक घेतले. प्राचार्यांची सक्तीची कल्पना मला आजही पटत नाही, पण निदान प्रत्येक विभागाला विचारायला हवं होतं. पीपीटीकडे परत गेलेल्या दोघांना मी दुसऱ्या घटकाच्या वेळी एकटं सोडलं, हेही आहेच. पहिल्या घटकाला सोबत लागते त्याहून दुसऱ्याला जास्त लागते, कारण तेव्हा नवेपणा संपलेला असतो आणि कामाचा ढीग तेवढाच असतो.

प्रमाणपत्राबद्दल मात्र माझं मत बदललं. सुरुवातीला ‘प्रमाणपत्र नाही’ याचा मला अभिमान होता. पण माझी पदोन्नती होऊन गेलेली आहे. ज्यांची व्हायची आहे त्यांना अशा बैठकांत सत्र घालवणं परवडत नाही, आणि त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

गेल्या जूनपासून दोन गोष्टी बदलल्या. सीएचबीसह प्रत्येक शिक्षकाला रुजू होण्याच्या दिवशी कॉलेजचं ईमेल खातं मिळतं आणि प्रत्येक क्लासरूममध्ये विभागप्रमुख सहशिक्षक म्हणून जोडलेले असतात. पहिली मागणी भूगोलाच्या मॅडमची होती, हे मी प्रस्तावात लिहिलं. बैठकांना तासिकेप्रमाणे मानधन द्यावं, हा दुसरा प्रस्ताव दोनदा संस्थेकडे जाऊन आला. पहिल्यांदा ‘तरतूद नाही’ असा शेरा होता, दुसऱ्यांदा शेराच नव्हता. या वर्षी बुधवारच्या गटात नऊ जण आहेत. सीएचबीवरचं कुणीच नाही. मीच बोलावलेलं नाही.